आबाच्या नावाने जमलेले पैसे: दहावीच्या एका बॅचचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं. १९९४ साली दहावीला असलेल्या आमच्या वर्गातला एक मित्र २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये हृदयविकाराने अचानक गेला. त्याच्या आठवणीसाठी काहीतरी करायचं असं सगळ्यांनी ठरवलं, पैसेही भराभर जमले, आणि मग त्या पैशांचं करायचं काय यावर गाडी अडली. इथे त्या मित्राला आबा म्हणू. गाव, शाळा, पतसंस्था यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, काही तपशील बदलले आहेत. मी त्याच वर्गातला. पैसे गोळा करण्यात नव्हतो, पण पुढच्या बहुतेक बैठकांना हजर होतो. वहिनींनी म्हणजे आबाच्या पत्नीने वाचून हो म्हटल्यावरच हे लिहितो आहे.

पार्श्वभूमी

आबा पेंटर होता. पाट्या रंगवणारा. शाळेत असतानाच मुख्य दारासमोरच्या फळ्यावर रोजचा सुविचार तो लिहायचा आणि बोर्डाच्या परीक्षेच्या सूचना लिहायलाही सर त्यालाच बोलवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकला परीक्षांत त्याला ए ग्रेड होती. आज इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात वाढीव गुण मिळतात. तेव्हा असलं काही नव्हतं. मार्च १९९४ ला आबा गणितात गेला, ऑक्टोबरला सुटला. तोवर बाकीचे अकरावी, डिप्लोमा, आयटीआयला लागले होते.

त्याचं काम मी जवळून पाहिलंय. भिंतीवर आधी नीळ लावलेली दोरी दोघांनी ताणून धरायची, मधे चिमटीत पकडून सोडायची, की निळी सरळ रेघ उमटते. त्या रेघेखाली आबा फक्त अक्षरांची अंगं रंगवत जायचा. काना, वेलांटी, उकार सगळं जागच्या जागी, पण डोक्यावर काही नाही. पाटी पूर्ण होईपर्यंत ती बोडकीच दिसायची. शेवटी चपटा ब्रश घेऊन डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेषा. ‘आधी रेघ ओढली की अक्षरं बिचकत्यात,’ म्हणायचा.

२००५ च्या आगेमागे तालुक्यात फ्लेक्सची यंत्रं आली आणि दुकानांच्या पाट्यांचं काम संपलं. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, देवळाच्या देणगीदारांच्या याद्या, निवडणुकीच्या भिंती, गाड्यांच्या नंबरप्लेटा. २०१९ पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटा बसवूनच येऊ लागल्या, तेव्हा तेही आटलं. त्याने पतसंस्थेचं कर्ज काढून रिक्षा घेतली. जामीनदारांत आमच्याच वर्गातला एकजण होता. हे त्या वेळी आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आणि पुढे त्यावरूनच सगळ्यात जास्त ताण आला.

२०१९ मध्ये बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्नेहमेळावा झाला. स्वागताचा फलक आबाने हाताने लिहिला, सकाळी येऊन लावला आणि रिक्षाचं भाडं आहे सांगून निघून गेला. ग्रुप फोटोत तो नाही. तो गेल्यावर व्हॉट्सअॅपवर टाकायला फोटो शोधताना ही गोष्ट ध्यानात आली.

अडचण कुठे होती

तो गेला त्या रात्रीच ग्रुपवर एकाने गुगल पेचा नंबर टाकला, ‘आबासाठी काहीतरी करूया’. इतकंच. कशासाठी, कोणासाठी, किती दिवसांत, काही नाही. तेरावं होईपर्यंत साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम एका मित्राच्या बचत खात्यात जमली.

‘काहीतरी’ या शब्दात प्रत्येकाने आपलं मनातलं भरून घेतलं होतं. पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटत होतं, शाळेत त्याच्या नावाचं पारितोषिक. गावातल्यांना वाटत होतं, घरी नेऊन द्यायचे, विषय संपला. दोघातिघांना चौकात मोठा श्रद्धांजली फलक आणि वर्षश्राद्धाला अन्नदान हवं होतं. जामीनदार मित्र काही दिवस गप्प होता, मग त्याने एकदाच लिहिलं की पतसंस्थेची नोटीस आली आहे, आधी ते मिटवा. त्यावर ग्रुपवर जी शांतता पसरली ती दोन दिवस हलली नाही.

पहिला निर्णय: काही ठरवण्याआधी घरी जायचं

बैठक बोलवायची की आधी घरी जायचं, यावर वाद झाला. काहींचं म्हणणं, घरच्यांसमोर पैशाची भाषा कशी काढायची, आपण ठरवून मग कळवू. मला हा विचार तेव्हाही पटला नव्हता. ज्यांच्या माणसाच्या नावाने पैसे जमलेत त्यांनाच शेवटी कळवायचं, हे कसलं सौजन्य? अखेर तिघे गेले: मी, गावातच राहणारी एक वर्गमैत्रीण जी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, आणि बँकेत असलेला एक मित्र.

आबाच्या आईंनी फलकाचा विषय एका वाक्यात संपवला. ‘फोटो एवढा मोठा करून काय करता, बाबांनो? घरात हाय की.’ ज्या फ्लेक्सने त्याचा धंदा नेला त्याच फ्लेक्सवर त्याचा चेहरा लावायला निघालो होतो, हे कोणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती.

वहिनी ब्लाउज शिवतात. त्यांनी पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, ‘भाऊजी, ह्यांचं शाळेतलं मला फारसं ठाऊक नाही. कधी फार बोललेच नाहीत. पोरगी विचारते, पप्पा शाळेत कसे होते. तिला काय सांगू?’ मुलगी नववीत होती. आतल्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती.

या भेटीमुळे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या ज्या ग्रुपवर एकत्र गुंतल्या होत्या. घराची गरज हा एक प्रश्न, आठवण हा दुसरा. दोन्हीला एकच थैली पुरवायला निघालो होतो म्हणून भांडण होत होतं.

पासबुक

बँकेतल्या मित्राने उठताना सहज विचारलं, ‘वहिनी, त्याचं पासबुक बघू का?’ संपूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त रक्कम मिळवून देणारा प्रश्न हाच निघाला.

पासबुकात दर मे महिन्याच्या शेवटी एक छोटी नोंद होती. आधी काही वर्षं ३३० रुपये, २०२२ पासून ४३६. ही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेची वर्गणी. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी दोन लाख रुपये मिळतात, विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. शेजारीच २० रुपयांची नोंद होती, ती सुरक्षा विमा योजनेची, म्हणजे अपघाताची. हृदयविकाराला ती लागू होत नाही. घरात कोणालाच दोन्हींची कल्पना नव्हती. २०१५ मध्ये योजना आली तेव्हा बँकेत कोणीतरी फॉर्म पुढे केला असेल, आबाने सही केली असेल, बस.

दावा खातं असलेल्या शाखेतच करायचा असतो आणि शक्यतो तीस दिवसांत. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज, नॉमिनीच्या खात्याचा तपशील आणि ओळखपत्र एवढं लागलं. फॉर्म शाखेतच मिळाला, रक्कम जानेवारीत आली.

पण नॉमिनी आई होत्या. ग्रुपवर लगेच सूचना सुरू झाल्या: आईंना समजावून सांगा, पैसे सुनेच्या नावावर करायला लावा. इथे आम्ही तिघांनी ठाम नकार दिला. कागदावर नाव त्यांचं, मुलगा त्यांचा. सासू-सुनेच्या मधे नवऱ्याच्या वर्गमित्रांनी बसू नये. पुढे आईंनी आपणहून औषधपाण्यापुरते पन्नास हजार स्वतःकडे ठेवले आणि बाकीची मुदत ठेव सुनेच्या नावाने केली. आम्ही मधे पडलो असतो तरी कदाचित हेच झालं असतं, पण मग ते आमच्या सांगण्यावरून झालं असतं.

शिक्षिका मैत्रिणीने बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून घेतला. वडील नसलेल्या मुलाला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत महिना २,२५० रुपये मिळतात, अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करायचा. उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, रहिवासाचा पुरावा, घरभेटीचा अहवाल अशी ती रांग बरीच लांबली. मंजुरी झाली तेव्हा मागचे काही महिने साठून एकदम आले.

जामीनदाराचा प्रश्न

कर्जाचे एक लाखाच्या वर रुपये बाकी होते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, पतसंस्था सरळ त्याच्या पगाराला हात घालू शकत होती. तो एका सूतगिरणीत कामाला, स्वतःचीच ओढाताण. त्याची मागणी चुकीची नव्हती. पण लोकांनी पैसे दिले होते ते आबासाठी म्हणून, दुसऱ्या मित्राचा जामीन सोडवायला नाही. तीन पर्याय समोर होते.

एक, जमलेल्या पैशांतून कर्ज फेडायचं. मग घराला फारसं उरत नव्हतं, आणि रिक्षा दारात उभी राहून गंजणार होती. दोन, पतसंस्था आणि जामीनदार बघून घेतील म्हणून हात झटकायचे. कायद्याने वारसांवर मयताच्या मालमत्तेपुरतीच देणी येतात, त्यामुळे वहिनींना यातून फार धोका नव्हता. हा पर्याय सगळ्यात सोपा, आणि ग्रुपवर त्यालाच जास्त अंगठे मिळाले. तीन, पतसंस्थेशी बोलून रिक्षा विकायची, त्यातून कर्ज मिटवायचं आणि उरलेलं कसं भागवायचं ते बघायचं.

तिसरा निवडला. कर्जाला विमा होता का ते आधी विचारलं, नव्हता. पतसंस्थेच्या संमतीने रिक्षा विकली. व्यवस्थापकांनी मासिक सभेत विषय ठेवून दंडव्याज माफ करून घेतलं. तीसेक हजार कमी पडले, ते जामीनदार आणि आणखी तिघांनी खिशातून भरले, जमलेल्या पैशांना हात न लावता. हिशेबाने हे बरोबर होतं. तरी जामीनदार मित्र तेव्हापासून ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ सोडून काही लिहीत नाही. आपल्या नोटिशीची गोष्ट सगळ्यांसमोर चघळली गेली, हे त्याला लागलं. ते बोलणं दोघातिघांत फोनवर व्हायला हवं होतं.

शाळेतली आठवण

मुख्याध्यापकांनी प्रथेप्रमाणे ठेव पारितोषिक सुचवलं: रक्कम संस्थेकडे कायम ठेव म्हणून द्यायची, व्याजातून दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस. गणितात! एकीने लिहिलं, ‘आबा वरून हसेल.’ विषय बदलायला मुख्याध्यापक तयार होते. पण कायम ठेवीतच एक खोट आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी अशा पारितोषिकांची यादी वाचतात. कोणीतरी १९८० च्या दशकात आईच्या स्मरणार्थ दिलेल्या एक हजार एक रुपयांचं वर्षाचं व्याज आज साठ-सत्तर रुपये होतं. त्यात एक पेन येतं. देणारे गेले, नाव उरलं, आणि त्या नावाने काय मिळतं ते कोणी बघत नाही.

पर्याय असा पुढे आला की शाळेसाठी एक लाख वेगळे काढायचे आणि ते कायम ठेवण्याऐवजी दहा वर्षांत संपवायचे. सात टक्के व्याज धरलं तर कायम ठेवीतून वर्षाला सात हजार मिळतात, दहा वर्षांत मुद्दलासकट संपवले तर वर्षाला चौदा हजारांच्या थोडे वर. म्हणजे दुप्पट. त्या पैशांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणाऱ्या ज्या मुलांना परवडत नाही त्यांची परीक्षा फी, रंग, ब्रश, ड्रॉइंग बोर्ड आणि कागद द्यायचे. कर्तव्यभूमिती (पट्टी-कंपासने अचूक आकृत्या काढणं) आणि अक्षरलेखनाचा पेपर या परीक्षांत असतो, आणि आबाचा हात तिथेच चालायचा. शाळेत आता पूर्ण वेळ चित्रकला शिक्षक नाही, परीक्षेचे फॉर्म मराठीचे सर भरतात. त्यांनी सांगितलं की बसायची इच्छा असलेली निम्मी पोरं साहित्य आणायची वेळ आली की गळतात.

दहा वर्षांनी नाव पुसलं जाईल, ही हरकत बऱ्याच जणांनी घेतली. माझं मत स्पष्ट होतं: दहा वर्षं खरं काम होऊन पुसलं जाणं, चाळीस वर्षं पेनाच्या डबीवर टिकण्यापेक्षा बरं. मतदान घेतलं नाही. अशा गोष्टीत मतदान घेतलं की हरलेला गट मनातून बाहेर पडतो. दोन आठवडे बोलणं चालू ठेवलं आणि विरोध विरत गेला.

मधे कागदपत्रांचे काटे टोचले ते थोडक्यात. पैसे एकाच मित्राच्या खात्यातून संस्थेला गेले असते तर ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती त्याच्याच नावाने निघाली असती. प्रत्येकाला पावती हवी तर प्रत्येकाने संस्थेला थेट द्यायला हवे होते. (नव्या करप्रणालीत ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे हा वाद निम्म्या लोकांपुरता फुकटचा होता.) आखातातल्या मित्राचा पासपोर्ट भारतीय, त्याने बँकेतून पाठवलेले स्वतःच्या बचतीचे पैसे चालले. अमेरिकेतली मैत्रीण तिथली नागरिक झालेली, तिचं देणं परकीय स्रोतातलं ठरतं आणि शाळेच्या संस्थेकडे त्यासाठीची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. तिचे डॉलर परत पाठवले. जन्म इथला, शाळा इथली, आणि आपले पैसे ‘परकीय’, हे तिला झोंबलं. समजावणं शिक्षिका मैत्रिणीच्या वाट्याला आलं. ट्रस्ट काढायचा विषय धर्मादाय नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि बदल अर्ज यांची यादी ऐकूनच बारगळला. एक लाखासाठी ते ओझं कोण वाहणार?

मुलीसाठीच्या आठवणी

वहिनींच्या प्रश्नाला पैशांनी उत्तर देता येणार नव्हतं. आम्ही सगळ्यांना सांगितलं, आबाची एक आठवण व्हॉइस मेसेजमध्ये सांगा, ‘फार चांगला होता’ असलं काही नको, घडलेली गोष्ट सांगा. सुरुवातीला आले ते सगळे श्रद्धांजलीचेच. मग एकाने सांगितलं की सहामाहीच्या वेळी आबाने फळ्यावर ‘परिक्षा’ लिहिलं, मराठीच्या बाईंनी कान धरला, तर दुसऱ्या दिवशी त्याने ‘री’ची दीर्घ वेलांटी फळ्याच्या पार खालपर्यंत ओढली. त्यानंतर खऱ्या गोष्टी येऊ लागल्या. गणपतीच्या सजावटीत थर्माकोल कापताना कापलेलं बोट, सहलीला पैसे नसल्याने गेला नाही पण बसवर खडूने सगळ्यांची नावं लिहून दिली ती सकाळ. आता अकाउंटंट असलेल्या एकाने सांगितलं की त्याची पहिली पाटी आबाने फुकट रंगवली आणि वर सुनावलं, ‘तुझं आडनाव लई लांब हाय, रंग जास्त लागला.’

नापास झाल्याचं सांगायचं का, यावर विचार झाला. पुढच्या वर्षी दहावीला बसणारी मुलगी. मित्रांपैकी बहुतेकांचं मत, नको. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘सांगा की. मला तर त्यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं.’ मग ऑक्टोबरला त्याच्याबरोबर परत बसलेल्या मित्रानेच ती गोष्ट सांगितली, दोघांनी नदीकाठी बसून गणितं कशी पाठ केली ते सगळं. नापास झालेल्याने नापास झाल्याची गोष्ट सांगितली म्हणून ती नीट सांगितली गेली, असं मला वाटतं.

शिक्षिका मैत्रिणीने सगळे मेसेज उतरवून घेऊन एका वहीत लिहिले. दोन आठवणी एकमेकींना छेद देत होत्या: सुविचाराचं काम आबाकडे आठवीत आलं की नववीत. दोन्ही तशाच ठेवल्या.

निष्पत्ती

शाळेचा लाख वगळून उरलेले अडीच लाखांवर रुपये वहिनींच्या खात्यात गेले. नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षात पन्नास हजारांवर मिळालेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. त्यांचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली राहत असल्याने कर लागला नाही, पण हिशेबाची यादी आणि सगळ्यांच्या पावत्या त्यांच्याकडे दिल्या आहेत. विम्याचे पैसे करमुक्त. फलक लागला नाही. अन्नदानाऐवजी वर्षश्राद्धाला घरचंच जेवण झालं, गावातले मित्र गेले.

२०२५ च्या चित्रकला परीक्षांना शाळेतून आधीच्या वर्षांपेक्षा बरीच जास्त मुलं बसली. साहित्य घेणाऱ्यांत आबाची मुलगी नाही. तिला चित्रकलेत रस नाही, कबड्डी खेळते. हे कळल्यावर ग्रुपवर दोघे हिरमुसले. का हिरमुसावं?

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री नंबर टाकण्याऐवजी दोन ओळी टाकायला हव्या होत्या: घरासाठी वेगळं, आठवणीसाठी वेगळं, देणाऱ्याने कोणत्या खात्यात ते लिहावं. एका माणसाच्या खात्यात पैसे घेणं तर टाळायलाच हवं. ज्याच्या खात्यात होते तो प्रामाणिक होता, तरी महिनाभर त्याला प्रत्येक चहाच्या टपरीवर हिशेब द्यावा लागला. पासबुक, विमा, कर्ज, योजना ही तपासणी पहिल्या आठवड्यात व्हावी. दाव्यांना मुदती असतात, वर्गणीला नसते. आणि आठवणी मागायच्या त्या लगेच. सहा महिन्यांनी मागितलेल्या आठवणी एकमेकांसारख्या होऊ लागतात. मधल्या काळात सगळ्यांनी एकमेकांच्या ऐकलेल्या असतात.

शाळेचा लाख आता तिघांच्या संयुक्त खात्यात आहे, कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे काढता येतात. बँकेतल्या मित्राची आता नागपूरला बदली झाली आहे. त्याच्या जागी जामीनदार मित्राला विचारावं असं शिक्षिका मैत्रिणीचं म्हणणं. तो अजून हो म्हणालेला नाही.